कोलॅजिनेज मलम: आबांच्या टाचेवरचे सात महिने

फेब्रुवारीत आबांच्या उजव्या टाचेत बाभळीचा काटा गेला. चप्पल भेदून गेला, दोन दिवस आतच होता आणि आबांना पत्ताच नाही. चौदा वर्षांची शुगर, पायाला मुंग्या येणंसुद्धा कधीच बंद झालेलं. आईला गोधडीवर डाग दिसला तेव्हा कळलं. मार्चअखेर तिथे रुपयाएवढी जखम आणि तिच्यावर पिवळट, चिवट थर. सर्जनांनी डॉपलर करून पायाचा रक्तपुरवठा बघितला, तो ठीक निघाला. पण आबांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू, म्हणून लगेच खरवडायला नको म्हणाले. रोज एकदा कोलॅजिनेज मलम लावा, असं ठरलं.

मलम काय करतं ते आधी सांगतो, कारण हे समजलं नाही तर ट्यूब वाया जाते. आमची गेली. मेलेलं मांस जखमेच्या तळाला कोलॅजनच्या, म्हणजे कातडी-मांस बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाच्या, दोऱ्यांनी धरून बसलेलं असतं. क्लोस्ट्रिडियम हिस्टोलिटिकम नावाच्या जिवाणूपासून काढलेला या मलमातला एन्झाइम, कोलॅजिनेज, ते दोरे कापतो, मग थर सुटून येतो. आबांना मी म्हटलं, पऱ्हाट्या उपटल्याशिवाय पुढची पेरणी होत नाही, तसंच हे. त्यांना पटलं. पहिल्या दिवशी मात्र ट्यूब दाबल्यावर म्हणाले, "हाई मलम शे का लोनी?"

लोणीच. अमळनेरचा एप्रिल-मे तुम्हाला माहीत आहे. खोक्यावर लिहिलंय पंचवीस अंशांच्या खाली ठेवा, आणि आमच्या पत्र्याच्या खोलीत रात्रीसुद्धा तेवढं उतरत नाही. फडताळात ठेवलेली पहिली ट्यूब तेलासारखी वाहायला लागली. तेव्हापासून ती फ्रिजच्या दारात, कोथिंबिरीशेजारी.

आता खरी चूक. ड्रेसिंग जवळच्या एका दवाखान्यात करून घ्यायचो. तिथला माणूस रोज आधी पोव्हिडोन आयोडीन या जंतुनाशकाने जखम तपकिरी होईस्तोवर धुवायचा आणि त्यावर मलम लावायचा. हात स्वच्छ, वागणं प्रेमाचं, मी काय बोलणार? सतरा दिवसांत थर तसाच. सर्जनांनी गॉज उघडला, तपकिरी डाग बघितला आणि कपाळाला हात लावला. आयोडीन, चांदी असलेली मलमं, डिटर्जंट हे सगळे या एन्झाइमला निकामी करतात. साधं सलाईन वापरा, बस. म्हणजे सतरा दिवस आम्ही एका हाताने औषध लावत होतो आणि दुसऱ्या हाताने मारत होतो. त्या दिवसापासून ड्रेसिंग मी घरीच शिकलो: सलाईनने धुणं, सुमारे दोन मिलिमीटरचा थर फक्त जखमेवर, वर गॉज. कडेच्या चांगल्या कातडीवर सांडलं की ती लाल होते, हे दोनदा अनुभवलं.

पुढच्या आठवड्यात कडेने थर सुटायला लागला. सलाईनची धार सोडली की ओल्या भिंतीचा पोपडा निघावा तसा तुकडा निघायचा, आणि खाली लाल, दाणेदार मांस. मे महिन्याच्या मध्याला तळ पूर्ण लाल. इथेच थांबायचं होतं. मी मात्र "गुण येतोय ना" म्हणून आणखी दहा दिवस लावत बसलो आणि बोलणी खाल्ली. मेलेलं मांस संपलं की या मलमाचं काम संपलं. जखम भरणं हे त्याचं काम नाही.

मग भरेना का? याचं उत्तर ऐकून मी जरा चक्रावलो. अशाच कात्र्या आपल्या अंगातही असतात: मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज, डॉक्टर एमएमपी म्हणतात. 1962 मध्ये जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर या संशोधकांना पहिली सापडली ती बेडकाच्या पिल्लाच्या झडत्या शेपटीत. या कात्र्या चालायला जस्त लागतं. कडेच्या पेशींना जखमेवर सरकायला वाट या कात्र्याच करून देतात, त्यामुळे त्या हव्यातच. त्यांना लगाम घालणारी प्रथिनंही शरीरच बनवतं. शुगरच्या जुन्या जखमेत तो लगाम ढिला पडतो आणि नवं विणलेलं कोलॅजन त्याच दिवशी कापलं जातं. म्हणून सर्जनांनी नंतर कोलॅजनची पट्टी ठेवली. कात्र्यांनी तिला खावं, आबांच्या मांसाला सोडावं.

सगळ्यात जास्त गुण कशाने आला म्हणाल तर टाचेवरचा भार काढल्याने. जाड फेल्टचं पॅड, कुबडी, पलंग. आणि आबा! जूनमध्ये पहिला पाऊस पडला, मी बँकेत गेलो तेवढ्यात हे शेतात. कपाशीची लावणी बघायला. संध्याकाळी गॉज रक्ताने भिजलेला, तीन आठवड्यांची कमाई गेली. त्या रात्री आईने पहिल्यांदा आवाज चढवला.

ऑगस्टअखेर जखम मिटली. मिटली म्हणजे झालं नाही, हे ऑक्टोबरमध्ये लिहितानाही ध्यानात ठेवतोय. वरून गुलाबी, चकचकीत वळ दिसतो, पण आत जुन्या घाईच्या कोलॅजनच्या जागी पक्कं कोलॅजन बसवायचं काम वर्षभर किंवा जास्तही चालतं, आणि तिथेही कापणाऱ्या त्याच कात्र्या. शेवटी ताकद येते ती मूळ कातडीच्या 80 टक्क्यांपर्यंतच. पूर्वी खलाशांना स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्व कमी पडल्याचा रोग, झाला की वर्षांपूर्वी भरलेल्या जखमा उघडायच्या, ते याचमुळे: कापणं चालू, विणणं बंद. हे सांगितल्यापासून आबा जेवताना लिंबू मागून घेतात.

मलमाला पाचपैकी साडेतीन. एक गुण किमतीचा कापला, अर्धा खोक्यावरच्या बारीक अक्षरांचा. सर्जनांना दाखवल्याशिवाय सुरू करू नका, विशेषतः पाय गार पडलेला असेल किंवा बोट काळं झालेलं असेल तर.

आबा आता एमसीआरच्या (बधिर पायांसाठीच्या मऊ रबराच्या) चपलांत बांधापर्यंत जातात. रात्री आई आरसा जमिनीवर ठेवते, बॅटरी धरते आणि म्हणते, "टाच दाखवा." ते कुरकुरत दाखवतात.