रेडिएटर तीन रोचा सांगून विकला, तिसऱ्या रोची तोंडं बंद निघाली

सेडिया, जुनी व्हीटेक सिटी, ऑक्टाव्हिया आरएस, पोलो जीटी. अशा गाड्या जिवापाड सांभाळणारी पोरं सातारा-कऱ्हाड-सांगली पट्ट्यात पुष्कळ आहेत. या गाड्यांचे ओरिजिनल रेडिएटर एक तर मिळत नाहीत आणि मिळाले तर परवडत नाहीत. ही नड हेरून ‘रेसिंग रेडिएटर’ या नावाखाली निकामी माल गळ्यात मारणारे लोक आहेत. मला असाच एक विकला गेला. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. पण माल कसा होता, तो कसा ओळखायचा आणि तक्रार केल्यावर काय काय ऐकवलं जातं, ते सगळं सांगतो. दुसऱ्या कुणाचं इंजिन यात जाऊ नये एवढीच इच्छा आहे.

माझी गाडी मित्सुबिशी सेडिया, दोन लिटर पेट्रोल, ११५ बीएचपी. हेडर आणि फ्री-फ्लो एक्झॉस्ट बसवलेला आहे, म्हणजे पॉवर थोडी वाढवलेली. ही गाडी बंद होऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे प्रत्येक पार्टसाठी फोनाफोनी ठरलेली. जुन्या रेडिएटरची प्लास्टिकची टाकी वयोमानाने जोडाजवळ तडकली. नायलॉनची टाकी वर्षानुवर्षं तापून-निवून ठिसूळ होते, त्यात नवल काही नाही. नवा हवा होता आणि तो खिशाला झेपणारा हवा होता.

चौकशी सुरू असताना पुण्यातल्या एका विक्रेत्याचा नंबर मिळाला. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आले : चकाकणारा, पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचा, दोन्ही टाक्या वेल्डिंग केलेल्या. ‘तीन रो, ५२ एमएम कोअर, जपानी, ट्रॅकवर टेस्ट केलेला.’ रो म्हणजे पाणी वाहणाऱ्या चपट्या नळ्यांची रांग, आणि कोअर म्हणजे या नळ्या आणि त्यांच्यामधली जाळी मिळून झालेला मधला भाग. सोबत १.३ बार दाबाची रेडिएटर कॅप फुकट. किंमत साडेचौदा हजार. मी बिल मागितलं तर म्हणाला, “बिल पाहिजे तर जीएसटी वेगळा पडेल दादा, वॉरंटी मी तोंडी देतो ना.” मी बिलासकटच द्या म्हटलं, तेव्हा ‘पार्सलसोबत पाठवतो’ असं कबूल केलं. वर घाईसुद्धा लावली. एकच पीस उरलाय, कोल्हापूरचा एक जण आत्ता पैसे टाकतोय. पैसे दुकानाच्या खात्यावर नाही, एका व्यक्तीच्या यूपीआयवर मागितले.

पार्सल आलं. त्यात बिल नव्हतं.

रेडिएटर बसवतानाच पहिली गोष्ट खटकली. कोअर मूळच्या दुपटीहून जाड असल्याने पंख्याचं कंपनीचं कव्हर, म्हणजे श्राउड, बसेचना. विक्रेत्याला फोन केला तर “श्राउड काढून टाका, रेसिंगला लागत नाही” असं उत्तर. पंखा बसवायला त्याने प्लास्टिकच्या बारीक काड्या पाठवल्या होत्या. त्या कोअरच्या जाळीतून आरपार ओवायच्या आणि पंखा थेट जाळीवर आवळायचा. अशा काड्यांवर पंखा थरथरत राहतो, जाळी घासते आणि शेवटी नळीला भोक पडतं. आमच्या मेकॅनिकने काड्या वापरल्या नाहीत, पट्ट्या वाकवून पंखा वेगळा बसवला.

हायवेला गाडी थंड राहायची, आणि फसवणूक लपते ती नेमकी इथे. ताशी ८०-९० च्या वेगाला समोरून इतकी हवा येते की अर्धवट रेडिएटरही भागवून नेतो. खरी परीक्षा घाटात होते, कारण तिथे इंजिनावर भार पूर्ण आणि हवा जवळपास नाही. पुण्याहून येताना खंबाटकी चढत होतो. पुढे उसाचा ट्रॅक्टर, त्याच्यामागे ट्रकांची रांग, दुसरा गिअर, एसी चालू. मी वेगळा वॉटर टेम्परेचर गेज बसवलाय, तो ९४ वरून चढत चढत १०९ वर गेला. डॅशबोर्डचा काटा तेव्हाही मधेच होता. हे लक्षात ठेवा : बऱ्याच गाड्यांचा काटा मोठ्या टप्प्यात मधेच थांबेल असाच बनवलेला असतो. तो हलायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. एसी बंद केला, इंजिनाची थोडी उष्णता तरी निघावी म्हणून हीटर पूर्ण सोडला, जागा मिळताच गाडी बाजूला घेतली. इंजिनाचं अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकलं किंवा हेड गॅस्केट उडालं की खर्च रेडिएटरच्या कितीतरी पट होतो. ते थोडक्यात वाचलं.

त्यानंतर पसरणीच्या घाटात, वाईहून पाचगणीला जाताना, तोच प्रकार. थर्मोस्टॅट नवा, पंखा दोन्ही वेगांना चालतोय, वॉटर पंप ठीक. इन्फ्रारेड गनने वरचा आणि खालचा होज, म्हणजे रेडिएटरचे रबरी पाइप, मोजले तर दोघांत फरक जेमतेम दोन-तीन अंश. गरम पाणी आत जात होतं आणि जवळपास तसंच बाहेर येत होतं.

साताऱ्यात जुन्या रेडिएटरवाल्यांपैकी एक चाचा आहेत. तांब्या-पितळेचे रेडिएटर झाळण्यात आणि ट्रकचे कोअर रॉडिंग करण्यात, म्हणजे नळ्यांत सळई घालून गाळ काढण्यात, त्यांची हयात गेली. रेडिएटर काढून त्यांच्याकडे नेला. त्यांनी तो हातात घेतला, कोअरवर अंगठ्याचं नख टेकवलं आणि हलकेच ओढलं. जाळीची एक पट्टी नळीपासून सुटून वर आली. “कुणी दिला रं तुला ह्यो?” एवढंच म्हणाले.

त्या सुटलेल्या पट्टीचा अर्थ समजून घ्यायला हवा. अ‍ॅल्युमिनियमच्या कोअरमध्ये नळ्या आणि जाळी सुमारे ६०० अंशांच्या भट्टीत एकमेकांना जोडतात, त्याला ब्रेझिंग म्हणतात. पाण्याची उष्णता नळीच्या भिंतीतून जाळीत जाते आणि जाळीतून हवेत. जाळी नळीला नुसती टेकलेली असेल, तर मधे हवेची बारीक फट राहते आणि हवा उष्णता फार कमी वाहून नेते. म्हणजे चांगल्या धातूची जाळी असूनही ती शोभेपुरती. पक्क्या ब्रेझिंगची जाळी नखाने सुटत नाही, ओढली तर वाकते किंवा फाटते.

मग चाचांच्या पोराने मोबाइलला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा आणला. तो काहीशे रुपयांत मिळतो. इनलेटच्या, म्हणजे पाणी आत शिरतं त्या, तोंडातून आत सोडला. स्क्रीनवर टाकीच्या आतली बाजू दिसायला लागली : नळ्यांची चपटी तोंडं, एकाखाली एक. पुढची रांग उघडी, मधली उघडी. तिसऱ्या रांगेत तोंडांच्या जागी करड्या रंगाचा लेप, सलग, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कॅमेरा अजून जवळ नेला तर लेपावर ब्रशचे ओघळ स्पष्ट दिसत होते. इपॉक्सी, म्हणजे सुकून कडक होणारा गोंद. त्या रांगेत पाण्याचा थेंबही जात नव्हता. बाहेरून मोजायला तीन रो, आत चालू दोन, आणि त्या दोनांचीही जाळी सैल. तिसरी रांग नुसती हवेची वाट अडवून बसली होती.

टाकीच्या कोपऱ्यावर चाचांनी थिनरचा बोळा फिरवला. चंदेरी रंग उतरला आणि वेल्डिंगची म्हणून दिसणारी सुंदर रेघ शेवटच्या दोन बोटांपर्यंत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून ओढलेली निघाली. कॅपही टेस्टरवर लावली. वर १.३ छापलेलं, स्प्रिंग ०.६ लाच सुटत होती. कूलिंग सिस्टीममध्ये दाब असतो म्हणूनच पाणी १०० ला उकळत नाही. १.१ बारच्या दाबाखाली नुसतं पाणीसुद्धा १२० अंशांच्या थोडं वर उकळतं. दाब धरला नाही तर घाटमाथ्यावर, जिथे हवेचा दाब आधीच कमी, तिथे उकळणं आणखी लवकर. याची उलट बाजूही सांगतो. खरी १.३ ची कॅप मिळाली तरी कंपनीने कमी दाब सांगितलेल्या जुन्या गाडीला ती लावू नका, जुने होज आणि हीटर कोअर तो दाब सोसतीलच असं नाही. गाडीच्या मूळ कॅपवर जो आकडा, तोच घ्या.

जाडीचा मोह सगळ्यांनाच पडतो आणि विक्रेते तोच विकतात, म्हणून थोडं अधिक सांगतो. इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलच्या उष्णतेपैकी साधारण तिसरा हिस्सा कूलंटला, म्हणजे रेडिएटरमधून फिरणाऱ्या पाण्याला, बाहेर न्यावा लागतो. पॉवर वाढवली की ती उष्णताही वाढते, त्यामुळे मोठा रेडिएटर हवासा वाटणं बरोबर आहे. पण कोअर जाड केला की हवा पुढच्या रांगेतच तापते आणि मागच्या रांगेपर्यंत पोचते ती गरम होऊनच. शिवाय जाड कोअरमधून हवा ओढायला पंख्याला जास्त जोर लागतो, आणि श्राउड काढून टाकला तर पंखा आपल्या समोरच्या गोल भागापुरतीच हवा ओढतो, कोपरे कोरडे राहतात. घाटात सगळी भिस्त पंख्यावर असते. म्हणून रोड कारला मध्यम जाडीचा, रुंद नळ्यांचा, दाट आणि पक्क्या जाळीचा, श्राउडसकट बसणारा कोअर जाडजूड कोअरपेक्षा चांगला. अरुंद नळ्यांच्या तीन रोंपेक्षा रुंद नळ्यांचे दोन रो बहुतेक वेळा सरस ठरतात. रोंची संख्या ही निव्वळ जाहिरात आहे, असं माझं ठाम मत झालंय.

विक्रेत्याला फोटो आणि व्हिडिओ पाठवले. आधी म्हणाला, बोअरचं पाणी वापरलं असणार. मी तयार कूलंट वापरला होता, डबा आणि पावती दोन्ही होती. मग म्हणाला, “तुमच्या गाडीची अर्थिंग खराब आहे, इलेक्ट्रोलिसिसने कोअर खाल्ला.” ही सबब नीट ओळखून ठेवा, कारण ती ऐकायला शास्त्रीय वाटते. अर्थिंग खराब असेल तर कूलंटमधून करंट वाहून अ‍ॅल्युमिनियम खरंच झिजतं. पण ते पाच मिनिटांत तपासता येतं. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल तार रेडिएटरच्या तोंडातून कूलंटमध्ये, धातूला न टेकवता. इंजिन थंड असतानाच कॅप उघडा, मग गाडी सुरू करून लाइट, पंखा, एसी लावा आणि आकडा बघा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर काळजी नाही. माझ्या गाडीत ०.०३ आला. त्याचाही व्हिडिओ पाठवला. आणि इलेक्ट्रोलिसिस नळ्यांना भोकं पाडतं, इपॉक्सीचा लेप लावत नाही.

मग एक बिल आलं, व्हॉट्सअ‍ॅपवर. जीएसटी नंबर २४ ने सुरू होणारा. महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो, २४ गुजरातचा. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला तर कापडाच्या धंद्याची नोंद निघाली. हे विचारल्यावर त्याने मला ब्लॉक केलं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. तिथून काही हललं नाही तेव्हा साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात रीतसर तक्रार केली. विक्रेता पुण्याचा, मग पुण्याला हेलपाटे घालावे लागतील का, असं बऱ्याच जणांना वाटतं. नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची. वकील असलाच पाहिजे असंही नाही. मी व्हॉट्सअ‍ॅपचं सगळं संभाषण, यूपीआयची नोंद, ट्रान्सपोर्टची पावती आणि एंडोस्कोपचा व्हिडिओ जोडलाय.

पैसे देण्याआधी एवढं करूनच घ्या. माल दुकानात जाऊन बघा, नाही जमलं तर त्याच पीसचा व्हिडिओ मागा : जाळीला नख लावलेला आणि इनलेटमधून कॅमेरा घातलेला. खरा माल विकणारा यावर चिडत नाही. मी नंतर ज्यांच्याकडून घेतला त्यांनी स्वतःहून रेडिएटर पाण्याच्या टाकीत बुडवला, हवा भरली आणि बुडबुडा येत नाही हे दाखवलं. पक्कं बिल दिलं, त्यावरचा जीएसटी नंबर मी पैसे देण्याआधी पोर्टलवर बघितला. तो रेडिएटर दोन रोचा, कंपनीच्या श्राउडसकट बसणारा आणि पहिल्यापेक्षा स्वस्त आहे. स्वस्त म्हणजे बोगस, असं अजिबात नाही. बसवल्यावर मुद्दाम भर दुपारी पसरणी चढून बघितली, एसी लावून. गेज ९७ च्या वर गेला नाही.

तुमच्याकडेही असा पीस आलेला असेल तर तो भंगारात टाकू नका आणि रागाच्या भरात कापूही नका. चाचा माझ्यासमोर करवत घेऊन बसले होते, मी थांबवलं. दोष वरवर ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, आणि कापलेल्या वस्तूवर समोरचा वकील बोट ठेवणारच. गाडीतून काढण्यापासून पुढचं सगळं व्हिडिओत घ्या, कॅप आणि त्या प्लास्टिकच्या काड्यासुद्धा सोबत ठेवा. माझा रेडिएटर खोक्यात बांधून ठेवलाय आणि तो तपासणीला पाठवावा असा अर्ज मी आयोगाकडे दिलाय.