दादरचं लसीकरण क्लिनिक: डॉक्टर बेस्ट, वेटिंग बेकार
धाकट्या भावाची स्प्लीन (प्लीहा, इन्फेक्शनशी लढणारा पोटातला अवयव) बाईक अ‍ॅक्सिडेंटनंतर काढावी लागली, म्हणून स्टेशनजवळच्या या क्लिनिकमध्ये जातोय. डॉक्टर मॅडम एकदम क्लिअर बोलतात. न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल, हिब अशा बॅक्टेरियांविरुद्धच्या लसी लागतात, इमर्जन्सी ऑपरेशन असेल तर साधारण 14 दिवसांनी सुरू करतात, न्यूमोकोकलची एक झाली की दुसऱ्या प्रकारची कमीत कमी 8 आठवड्यांनी, आणि फ्लूची दरवर्षी. टोचायच्या आधी बॉक्सवरची एक्सपायरी दाखवतात, फाईलला बॅच नंबरचा स्टिकर चिकटवतात, हे आवडलं. सगळ्यात कामाचं म्हणजे ताप आला की नुसती क्रोसिन घेऊन झोपायचं नाही, घरी ठेवायला दिलेल्या अँटिबायोटिकचा डोस घ्यायचा आणि सरळ कॅज्युअल्टी गाठायची, कारण काही तासांत सेप्सिस (इन्फेक्शन अंगभर भिनून जिवावर बेतणं) होऊ शकतो, आई तर ऐकून गारच झाली. पावसाळ्यात मलेरियापण अशा पेशंटला जास्त जड जातो, त्यामुळे मच्छरदाणी मस्ट. कुत्रा चावला तर जखम छोटी असली तरी लगेच दाखवायचं.

बाकी अपॉइंटमेंट असून तासभर बसवून ठेवतात, एसी नावालाच, आणि मेनिंगोकोकलची लस म्हणजे खिशाला चांगलीच चाट, तीपण आधी फोन करून मागवावी लागते. रिसेप्शनवाल्या ताई जरा हसल्या तर काही बिघडणार नाही. चार स्टार.