गोव्यात बायकांच्या आरोग्याचं काम करायचंय: गोमेकॉ, डीएनबी-डिप्लोमा की फॅमिली मेडिसीन?

नीट-पीजीचा निकाल लागला की 'या रँकला काय मिळेल?' हाच प्रश्न सगळीकडे फिरतो. त्याचं उत्तर कोचिंगवाले देतातच. हा आढावा त्या मोजक्या मुलामुलींसाठी आहे, ज्यांनी मनाशी एवढं ठरवलंय की काम स्त्री-आरोग्याचं करायचं, तेही गोव्यात, आणि जमलं तर सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण, पेडणे या बाजूला. मग प्रश्न उरतो, शिकायचं कशात आणि कुठे. समोर तीन वाटा दिसतात. गोवा वैद्यकीय महाविद्यालयातली, म्हणजे गोमेकॉतली, तीन वर्षांची पदव्युत्तर पदवी, एमएस. राष्ट्रीय परीक्षा मंडळाचं डीएनबी किंवा दोन वर्षांचा डिप्लोमा. आणि जिचा विचार फारसं कोणी करत नाही ती तिसरी वाट, फॅमिली मेडिसीन, म्हणजे घरातल्या सगळ्यांना पाहणाऱ्या डॉक्टरचं शिक्षण.

आधी गोव्याची गरज

'ग्रामीण भागातला डॉक्टर' म्हटलं की डोंगरातली वाट आणि डोलीतून आणलेली बाळंतीण डोळ्यांसमोर येते. गोव्यात हे चित्र बहुतांशी लागू पडत नाही. २०११ च्या जनगणनेत इथली ६२ टक्के लोकसंख्या शहरी होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत गोव्यातली जवळजवळ सगळीच बाळंतपणं इस्पितळात झाल्याचं दिसतं. सिझेरियनचं प्रमाण ३९.५ टक्के आहे, देशाचं २१.५. एकूण जननदर १.३. आणि त्याच पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ३९ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. आधीच्या फेरीत हा आकडा ३१ टक्क्यांच्या आसपास होता, म्हणजे तो वाढला.

हे आकडे एकत्र वाचले तर अर्थ सरळ आहे. इथली बाई आयुष्यात एकदा, फार तर दोनदा बाळंत होते, तीही इस्पितळात, पुष्कळदा टाके घालून घेऊन. त्यानंतर पुढची तीस वर्षं तिचं हिमोग्लोबिन कोणी विचारत नाही. पाळी अंगावर जास्त जाते, अंगावरून पांढरं जातं, लघवी आवरत नाही, पाळी जाताना झोप उडते. यातलं काहीच लेबर रूममध्ये येत नाही.

१९८९ मध्ये डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये मांडला. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. गोवा म्हणजे गडचिरोली नव्हे, हे खरं. पण गोव्यातल्याच हळदोणे भागात सुमारे अडीच हजार स्त्रियांवर झालेल्या अभ्यासातून वेगळंच काही पुढे आलं. पांढरं जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी, थकव्याशी आणि घरातल्या जाचाशी जास्त होता. त्याआधी २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गोव्यातल्याच अभ्यासात जिल्हा इस्पितळात नाव नोंदवलेल्या मातांपैकी २३ टक्क्यांना बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी नैराश्य आढळलं. गरिबी, नवऱ्याशी न पटणं आणि मुलगी होणं ही त्यामागची कारणं होती. अशा बाईला अँटिबायोटिकची पट्टी देऊन पाठवणारा डॉक्टर एमएस असो वा एमबीबीएस, उपयोग तेवढाच.

तीन वाटांची तुलना मी या कसोटीवर करतो आहे. शहरात स्वतःचं नर्सिंग होम काढायचं असेल तर कसोटी वेगळी, आणि उत्तरही वेगळं येईल.

गोमेकॉ

१८४२ च्या 'एस्कोला मेडिको'चा वारसा सांगणारं हे महाविद्यालय आज बांबोळीला आहे. राज्यातलं गुंतागुंतीचं जवळपास सगळं तिथेच येऊन थांबतं. नुसतं गोव्यातलं नाही. दोडामार्ग, सावंतवाडी, बांदा इथल्या बायका येतात, कारवारकडच्याही. झटके आलेली गरोदर बाई, आधीच्या सिझेरियनच्या व्रणावर रुतून बसलेली वार, पोटात फुटलेला गर्भ हे तीन वर्षांत इतक्या वेळा पाहायला मिळतं की हात आपोआप चालू लागतो. मध्यरात्रीही डोक्यावर सीनियर असतो, रक्तपेढी असते, भूलतज्ज्ञ असतो. शस्त्रक्रिया शिकायला याहून चांगली जागा गोव्यात नाही, याबद्दल मला शंका नाही.

उणीव नेमकी याच श्रीमंतीत आहे. इथे येणारी बाई आधी कुणीतरी तपासून, चिठ्ठी देऊन पाठवलेली असते. तिचं दुखणं पहिल्यांदा कोणत्या शब्दांत बाहेर पडलं, ते रेसिडेंटच्या, म्हणजे तिथे राहून शिकणाऱ्या डॉक्टरच्या, कानावर येत नाही. केसपेपरवर निदान लिहिलेलंच असतं. शिवाय सोय हाताशी असली की तिची सवय लागते. जिथे सोनोग्राफी दोन दारं सोडून आहे तिथे पोटावर हात ठेवून अंदाज बांधायला कोण थांबतं?

यावर एक उतारा आहे, तो म्हणजे जिल्हा रेसिडेन्सी. २०२१ पासून प्रवेश घेतलेल्या प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा आरोग्य व्यवस्थेत काढावे लागतात. पुष्कळजण हे महिने थीसिस लिहायला आणि झोप भरून काढायला वापरतात. म्हापशाचं किंवा मडगावचं जिल्हा इस्पितळ मिळालं, तर तिथून वाळपई किंवा काणकोणच्या सामाजिक आरोग्य केंद्रातल्या गरोदर मातांच्या तपासणीला जाता येईल का, हे विभागप्रमुखांना विचारून पाहा. मंडूरचं ग्रामीण आरोग्य केंद्र गोमेकॉच्याच कम्युनिटी मेडिसीन विभागाचं आहे. तिथे जायला स्त्रीरोग विभागाच्या रेसिडेंटला कोणी अडवत नसावं, फक्त कोणी मागत नाही.

प्रवेशाबद्दल एवढंच सांगतो. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातलं रहिवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. संस्थेच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांना मिळणारं प्राधान्य मात्र राहिलं. त्यामुळे 'आपण गोंयकार, जागा आपलीच' या जुन्या हिशेबावर विसंबू नका. बंधपत्राच्या, म्हणजे शिकून झाल्यावरच्या सक्तीच्या सेवेच्या, अटी त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच वाचा, सीनियरच्या आठवणीतून नको.

डीएनबी आणि डिप्लोमा

हे दोन्ही एकाच मंडळाचे, पण एकसारखे नाहीत. डीएनबी तीन वर्षांचं, थीसिससह, आणि एमएसच्या बरोबरीचं. डिप्लोमा २०२० मध्ये आठ विषयांत सुरू झाला, त्यांत स्त्रीरोग-प्रसूतीही आहे. तो दोन वर्षांचा. पुढे परीक्षा देऊन आणखी दोन वर्षांत डीएनबी करता येतं.

इथे इस्पितळाच्या नावापेक्षा त्याचा प्रकार पाहा. सरकारी जिल्हा इस्पितळात जागा मिळाली तर शिकणं भरपूर होतं. माणसं कमी, बाळंतपणं पुष्कळ, आणि साध्या-सरळ बाळंतपणावर देखरेख करायची संधी मोठ्या कॉलेजपेक्षा जास्त. खासगी इस्पितळात चित्र उलटू शकतं. पेशंट कन्सल्टंटचा स्वतःचा, त्याने मोठी फी भरलेली, तो शिकाऊ हाताला टाका का घालू देईल? तीन वर्षं नुसता रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचं हत्यार) धरून काढलेले डीएनबीवाले कुणाला भेटले नाहीत? गोव्यात कोणत्या इस्पितळाला कोणत्या विषयाची मान्यता आहे हे मंडळाच्या चालू यादीतच पाहा. ती बदलते.

डिप्लोमाकडे नाक मुरडायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. सामाजिक आरोग्य केंद्रात जे लागतं, म्हणजे सिझेरियन, क्युरेटिंग, नसबंदी, गर्भाशयमुखाची तपासणी, तांबी बसवणं, ते दोन वर्षांत नीट शिकता येतं. कर्करोगाच्या मोठ्या शस्त्रक्रिया किंवा दुर्बिणीचं अवघड काम येणार नाही, पण ते वाळपईत करायचंही नाही. अडचण पुढे येते. कॉलेजात शिकवायची इच्छा झाली तर नुसता डिप्लोमा पुरत नाही, आणि पस्तिशीत पुन्हा रेसिडेन्सी करायला घर, मुलं, कर्ज सगळं आडवं येतं.

फॅमिली मेडिसीन

घरात हे नाव काढून पाहा. 'म्हणजे पुन्हा एमबीबीएसच ना?' हा प्रश्न पहिल्याच जेवणात येईल. डीएनबी फॅमिली मेडिसीन तीन वर्षांचं, डिप्लोमा दोन वर्षांचा. मेडिसीन, बालरोग, सर्जरी, स्त्रीरोग अशा विभागांतून फिरत शिकायचं. स्त्रीरोगाचे वाट्याला येणारे महिने थोडे, ही उघड कमतरता.

तरी वर मांडलेली गरज आठवा. चाळिशीतली बाई साखर तपासायला येते, उठता उठता सांगते की पाळी पंधरा दिवस थांबत नाही. तिचा नवरा रक्तदाबाच्या गोळ्यांना तिथेच येतो, सासूचे गुडघे तिथेच दाखवले जातात. घरात कोण पितं, कुणाची नोकरी गेली, हे त्या डॉक्टरला माहीत असतं. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून पाटी लावली की तिच्या दारात जाणंच गावात चर्चेचा विषय होतो, विशेषतः लग्न न झालेल्या मुलीसाठी. साध्या दवाखान्यात ती खोकल्याचं निमित्त करून जाऊ शकते.

या वाटेला कायद्याची कुंपणं आहेत. ती आधी माहीत हवीत. गर्भपाताच्या नियमांनुसार मान्यताप्राप्त इस्पितळात २५ केसेसमध्ये मदत केलेला, त्यांतल्या किमान ५ स्वतः केलेला नोंदणीकृत डॉक्टर १२ आठवड्यांपर्यंत गर्भपात करू शकतो. सोनोग्राफी करायची तर एमबीबीएस डॉक्टरला सहा महिन्यांचं ठरावीक प्रशिक्षण लागतं. सिझेरियनसाठी सरकारी सेवेतल्या एमबीबीएस डॉक्टरांना आपत्कालीन प्रसूतीसेवेचं काही महिन्यांचं प्रशिक्षण देण्याची केंद्राची योजना आहे, तशीच भूल देण्याचीही. पण ती सेवेत गेल्यावर, आणि सरकारने पाठवलं तर. तिच्या भरवशावर करिअर आखू नये.

एक रात्र, एक सकाळ

तक्त्यात गुण भरण्यापेक्षा दोन प्रसंग घेऊ.

रात्रीचे दोन. तालुक्याच्या आरोग्य केंद्रात बाळंतपण झालं आणि रक्त थांबत नाही. पहिल्या तासात करायचं ते तिघांनाही सारखंच: गर्भाशय चोळणं, ऑक्सिटोसिन, ट्रानेक्झॅमिक ॲसिड, सलाईन, नीट तपासणी. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ई-मोटिव्ह चाचणीत आफ्रिकेतल्या चार देशांत मापाच्या खुणा असलेली पिशवी बाईखाली ठेवून रक्त मोजलं आणि हे सगळे उपाय एकदमच केले. गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी कमी झाले. ते मुख्यतः सुईणींनी केलं होतं. त्याआधी, २००६ मध्ये, आपल्या शेजारच्या बेळगावच्या ग्रामीण भागात एएनएमनी (गावपातळीवरच्या परिचारिकांनी) नुसत्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, तर रक्तस्रावाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं.

दुसऱ्या तासात फरक पडतो. गर्भाशयाला दाबून धरणारे टाके, रक्तवाहिनी बांधणं हे एमएसचं काम, डिप्लोमावाल्यालाही बऱ्यापैकी येतं, फॅमिली फिजिशियनला नाही. पण त्या केंद्रात भूलतज्ज्ञ आणि रक्त नसेल तर एमएसवालाही तेच करणार जे बाकीचे दोघं करतील: गर्भाशयात फुगा बसवून १०८ मध्ये स्वतः बसायचं आणि मडगाव किंवा बांबोळी गाठायची. उरी दुखतं पण खरं आहे, ऑपरेशन थिएटर चालू नसलेल्या गावात पदवीचा अर्धा भाग कपाटात राहतो.

आता सकाळ. पंचेचाळिशीची बाई, हिमोग्लोबिन सात, पाळी जास्त. रेसिडेन्सीत घडलेला मेंदू लगेच सोनोग्राफी, बायॉप्सी, आणि कितीदा तरी गर्भपिशवी काढण्याकडे धावतो. बायॉप्सी घ्यायलाच हवी, आणि ती एमएस किंवा डिप्लोमावाल्याकडेच होईल. पण शिरेतून लोह देणं, थायरॉइड पाहणं, हॉर्मोनची तांबी समजावून सांगणं, तीन महिन्यांनी ती आली नाही तर आशा सेविकेकडून निरोप पाठवणं, यात फॅमिली मेडिसीनवाला उजवा ठरतो. तिला रोजंदारी बुडवून चार वेळा बांबोळीला बोलावणं म्हणजे उपचार बंद पाडणंच.

भाषेचं काय? गावडा, कुणबी, वेळीप (२००३ पासून अनुसूचित जमाती), धनगरवाड्यावरच्या बायका, सासष्टीची कोंकणी बोलणारी ख्रिस्ती आजी, वाळपईची मुसलमान सून, बांधकामावरची कानडी मजूर. हे सगळं गोमेकॉत एकाच वॉर्डात भेटतं, पण घाईत. पेडण्याकडून आलेल्या मराठी मुलाला सासष्टीची कोंकणी पहिले सहा महिने निम्मीच कळते. शिकायला हवी, दुभाषी म्हणून नवऱ्याला किंवा शाळकरी मुलीला उभं करणं हा उपाय नव्हे. नवऱ्यासमोर कोणती बाई गर्भनिरोधक मागेल? हे तिन्ही अभ्यासक्रमांत कुठेच परीक्षेला नाही.

माझा कौल

हाताला सर्जरीची ओढ असेल आणि गोमेकॉ मिळत असेल तर दुसरीकडे पाहू नका. फक्त जिल्हा रेसिडेन्सीचे तीन महिने वाया घालवू नका. सरकारी जिल्हा इस्पितळातला डिप्लोमा हा खासगी इस्पितळातल्या नावापुरत्या डीएनबीपेक्षा मी वर ठेवेन, निदान तालुक्याच्या ठिकाणी काम करायचं नक्की असेल तर. आणि ज्यांना ऑपरेशनपेक्षा बाईचं बोलणं ऐकण्यात जास्त गोडी वाटते, पण केवळ 'स्त्री-आरोग्य म्हणजे गायनॅक' या समजुतीने गायनॅक भरताहेत, त्यांनी फॅमिली मेडिसीनचा पर्याय खरंच गांभीर्याने घ्यावा. गोव्याला आज त्यांची कमतरता सर्जनपेक्षा जास्त आहे, असं माझं मत आहे. पगार आणि मान मात्र त्या मानाने कमी मिळेल, हे आधीच पचवून ठेवा.

चॉइस भरण्याआधी त्या इस्पितळात जाऊन या. प्रमुखांना भेटू नका, दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला कँटीनमध्ये गाठा. गेल्या महिन्यात किती सिझेरियन स्वतः केल्या, किती साधी बाळंतपणं पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली, रात्री बोलावलं तर सीनियर येतो का, आणि ओपीडीत एका बाईला किती मिनिटं मिळतात, हे विचारा. शेवटच्या प्रश्नावर तो हसला, तर आणखी एखादं इस्पितळ पाहून मगच यादी लॉक करा.