फू हाओचे घुबड आणि 'ह-झून'

प्राचीन चीनमध्ये पूर्वजांना राळ्यासारख्या भरडधान्यापासून आंबवलेले मद्य अर्पण करताना 'झून' हे कांस्यपात्र वापरले जात असे. त्यातील दोन पात्रे शेजारी ठेवली, की शांग आणि चौ या राजवटींमधला फरक स्पष्ट होतो.

आनयांग येथे १९७६ मध्ये उत्खनन झालेल्या शांग राणी फू हाओच्या थडग्यात घुबडाच्या आकाराच्या पात्रांची जोडी सापडली. पंखांवर वेटोळे घातलेले साप, मागच्या बाजूला, शेपटीच्या वर, दुसरे घुबड आणि दोन पायांना शेपटीचा तिसरा आधार, अशी तिची घडण आहे. नक्षी मातीच्या साच्यातच उमटवून ओतकाम होत असल्यामुळे, पृष्ठभागावर मोकळी जागा जवळजवळ न ठेवणारे हे काम विलक्षण कौशल्याचे आहे. पात्रावरचा लेख मात्र राणीच्या नावापुरताच आहे.

शान्शीमधील बाओजी येथे १९६३ मध्ये मिळालेल्या, 'ह' नावाच्या चौ सरदाराच्या 'ह-झून'वरही मोठ्या डोळ्यांचे, वळलेल्या शिंगांचे 'थाओथिए' हे मुखवटे आहेत, म्हणजे चौ कारागिरांनी शांगांची नक्षी टाकून दिली नव्हती. परंतु त्याचे खरे महत्त्व आतल्या तळावरील १२२ अक्षरांच्या लेखात आहे, ज्यात चौ राजा छंगने नवी राजधानी वसवल्याची हकीकत येते आणि 'चुंगकुओ', म्हणजे 'मध्यवर्ती देश', हा शब्दप्रयोग आजवर सापडलेल्या लेखांपैकी सर्वांत आधी आढळतो.

इतिहासाच्या अभ्यासकाने 'ह-झून'ला अग्रक्रम द्यावा हे योग्यच आहे. कारागिरीच्या दृष्टीने मात्र माझे मत निःसंशय घुबडाच्या बाजूने आहे.