पाणी चाचणी पास झाली, तरी गच्ची फसवी निघाली

व्यापारी इमारतीवर हिरवी गच्ची, म्हणजे वर झाडं लावलेली गच्ची, करून घेणाऱ्या प्रत्येक आर्किटेक्टने, इंजिनिअरने आणि इमारतीची देखभाल बघणाऱ्याने हे वाचावं, म्हणून लिहितो आहे. आम्हाला ज्या रीतीने फसवलं ती रीत कुठल्याही साइटवर चालू शकते आणि नेहमीच्या तपासण्यांतून ती सहज निसटते.

एका कार्यालयीन इमारतीच्या सपाट गच्चीचं काम होतं. तपशील मी स्वतः लिहिला होता. स्लॅबवर उताराचा थर, त्यावर टॉर्चच्या ज्योतीने वितळवून चिकटवायच्या डांबरी मेंब्रेनचे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या शीटचे, दोन थर. खालचा साधा, ३ मिमी जाडीचा. वरचा ४ मिमीचा आणि मुळं रोखणारा. मग संरक्षक फेल्ट, पाणी वाहून नेणारी ड्रेनेज शीट, गाळणारं कापड, झाडांसाठी मातीऐवजी हलकं माध्यम आणि उथळ मुळांची सेडमसारखी झाडं.

या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाचा तो वरचा थर. साधं डांबर मुळांना अडवत नाही. ओलाव्याच्या शोधात मुळं आधी शीटच्या सांध्यात घुसतात, नंतर शीटमध्येही. म्हणून अशा गच्चीसाठी डांबरातच मूळरोधक रसायन मिसळलेली शीट बनवतात. युरोपात तिची चाचणी ईएन १३९४८ या मानकाप्रमाणे होते, शीटवर प्रत्यक्ष झाडं वाढवून, २ वर्षं. कंत्राटदाराने आम्हाला असा चाचणी अहवाल दाखवला. अहवाल अस्सल होता. फक्त गच्चीवर पडलेला बहुतेक माल त्या अहवालातला नव्हता.

हे जमलं कारण दोन्ही शीट दिसायला सारख्याच काळ्या असतात. रसायन डोळ्यांना दिसत नाही. रोलवरचं वेष्टन आणि लेबल एकदा निघालं, टॉर्च फिरली, की कुठली शीट कुठली ते नुसतं बघून सांगता येत नाही. पॅरापेटच्या म्हणजे कठड्याच्या कडेला, वाट्यांवर (कठडा आणि स्लॅब यांच्या कोपऱ्यातला गोलसर उतार) आणि पाणी उतरण्याच्या तोंडांभोवती, म्हणजे जिथे पुढेही कोणी उघडून बघेल तिथे, कंत्राटदाराने ठरलेली ४ मिमीची शीट लावली. मधल्या सगळ्या भागात वरच्या थरालाही साधी ३ मिमीचीच. नमुना म्हणून कापून दिलेला तुकडाही कडेचाच होता.

मग पाणी चाचणी. तोंडं बंद करून गच्ची पाण्याने भरली, ४८ तास ठेवली, खालच्या मजल्यावर छत कोरडं. नियमाप्रमाणे सगळं झालं, सह्या झाल्या, बिल मंजूर झालं. पुढे प्रत्येक भांडणात कंत्राटदार हेच वाक्य पुढे करत राहिला: ‘चाचणी तुमच्यासमोर पास झाली ना?’ त्यामुळे हे नीट समजून घ्या. पाणी चाचणी आजचं भोक दाखवते. शीट कुठली आहे, किती जाड आहे, मुळं आली तर टिकेल का, यातलं काहीही ती सांगत नाही. साधी शीटही नवी असताना पाणी अडवतेच.

तिसऱ्या पावसाळ्यात छताला ओल आली. ओल दिसली तिथे वरती भोक नव्हतंच. पाणी स्लॅबमधल्या वायरिंगच्या नळीतून दुसरीकडे येऊन ठिबकत होतं. विद्युत गळती-शोध, म्हणजे विजेचा प्रवाह सोडून मेंब्रेनमधलं भोक शोधणं, करून बघायचं म्हटलं तर वरच्या प्लास्टिकच्या ड्रेनेज शीटमुळे विद्युतप्रवाह मेंब्रेनपर्यंत पोचेना. ही तपासणी माती पडायच्या आधी, मेंब्रेन उघडं असतानाच करायची असते. शेवटी माती हटवत हटवतच जावं लागलं.

उघडल्यावर जे दिसलं ते विसरता येणार नाही. शीटचा सांधा चाकूने सोडवला तर आत केसासारखी पांढरी मुळं चपटी होऊन जाळी धरून बसली होती. सांध्याच्या कडेने वितळलेल्या डांबराची सलग रेघ बाहेर आलेली असायला हवी. इथे ती जागोजागी तुटलेली, म्हणजे सांधा धड भाजलेलाच नाही. दोन्ही थर सोडवून जाडी मोजायचा व्हर्नियर लावला. वरची शीट जेमतेम ३ मिमी. तोच व्हर्नियर कडेच्या शीटला लावला तर ४.

आणि माती. हलक्या माध्यमाऐवजी बऱ्याच भागात सरळ बागेची माती होती. ती भिजली की घनमीटरला १६०० ते २००० किलो भरते. १० सेंमी थर धरला तरी चौरस मीटरला १६० ते २०० किलो. स्ट्रक्चरल इंजिनिअरने ते ऐकल्या ऐकल्या सगळी माती उतरवायला लावली.

आता गॅरंटीबद्दल, कारण खरा घाव तिथे बसला. आमच्या हातात १० वर्षांची गॅरंटी होती, उत्पादकाचं बोधचिन्ह असलेल्या कागदावर. उत्पादकाला विचारलं तर या नावाचं काम त्यांच्याकडे नोंदलेलंच नाही आणि हा कंत्राटदार त्यांच्या मान्यताप्राप्त यादीतही नाही. कागद कंत्राटदाराने स्वतःच छापलेला. त्यातही बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं की मेंब्रेनवरचं ओझं काढण्याचा आणि परत घालण्याचा खर्च मालकाचा. हिरव्या गच्चीत शीट बदलण्यापेक्षा हा खर्च कितीतरी मोठा असतो. हे कलम अस्सल गॅरंटीतही सापडतं, तेव्हा तिथेही शोधा.

कंत्राटदाराने मग देखभालीवर ढकलायला सुरुवात केली. वाऱ्याने, पक्ष्यांनी आलेल्या बियांची रोपं तुम्ही काढली नाहीत, म्हणे. इमारतीच्या व्यवस्थापकांनी तण काढल्याच्या, तोंडं साफ केल्याच्या तारीखवार नोंदी फोटोंसकट ठेवल्या होत्या. त्या कंत्राटदारासमोर ठेवल्यावर तो मुद्दा तिथेच संपला. त्या व्यवस्थापकांचे मी आभार मानतो.

चोरी सिद्ध झाली ती मात्र माल पोचवल्याच्या चलनांवरून. रोल १ मीटर रुंद, १० मीटर लांब. बाजूचा सांधा १०० मिमी आणि टोकाचा १५० मिमी धरला की एका रोलमागे पावणेनऊ चौरस मीटरच्या थोडं वर गच्ची झाकली जाते. म्हणजे हजार चौरस मीटरला एका थरासाठी किमान ११३ रोल, वाटे आणि पॅरापेटवरची चढती शीट वेगळी. पुरवठादाराकडून मिळालेल्या चलनांवर मूळरोधक शीटचे रोल त्याच्या जवळपासही नव्हते.

हा हिशेब आता मी माल साइटवर उतरतानाच करायला लावतो. प्रत्येक रोलचं लेबल बॅच क्रमांकासकट फोटोत, वेष्टनं मोजून एका जागी, आणि गच्चीच्या मधूनच, आमच्या मर्जीच्या जागी, तुकडा कापून जाडी मोजायची. कापलेली जागा त्यांनी लगेच ठिगळ लावून बंद करायची. उत्पादकाचा माणूस बघून लेखी मान्यता देत नाही तोवर माती चढवायची नाही आणि त्या टप्प्याचं बिलही निघत नाही. गॅरंटीचा कागद कंत्राटदाराच्या हातून घेत नाही, उत्पादकाकडूनच मागवतो. काही कंत्राटदार यावर नाराज होतात, वेळ जातो म्हणतात. चांगलं काम करणारे उलट लेबलं स्वतःहून जपून ठेवतात.

आमचा दावा अजून चालू आहे. काढलेल्या शीटचे तुकडे, जागा आणि तारीख लिहून, साक्षीदारांच्या सह्यांसह सीलबंद ठेवले आहेत. तुमच्यावर अशी वेळ आलीच तर दुरुस्ती सुरू करण्याआधी एवढं नक्की करा, कारण नवी शीट पडली की जुन्या मालाचा पुरावा उरत नाही.