काठीवाला की बोटवाला: जुना टच फोन घ्यायचाय त्यांच्यासाठी

हल्ली जुने फोन जमवायचं खूळ बऱ्याच जणांच्या डोक्यात शिरलंय, आणि ओळखीतल्या दोघातिघांनी मला वेगवेगळ्या वेळी एकच प्रश्न विचारला की २००८-०९ च्या सुमाराचा टच स्मार्टफोन हौसेखातर घ्यायचाय, तर स्टायलसवाला घेऊ की बोटाने चालणारा. मी दोन्ही वापरलेत, आणि हौस म्हणून नाही, त्या काळात खिशात तेवढा एकच फोन असायचा म्हणून. आधी सव्वा वर्ष काठीवाला (आमच्या घरी स्टायलसला काठीच म्हणायचे) आणि मग बोटवाला. माझ्या फोनांची नावं मुद्दाम घेत नाही, तुमच्या हाताला लागेल तो वेगळाच असणार आणि नाव घेतलं की त्या कंपनीचे भक्त अंगावर येतात.

काठीवाल्याच्या स्क्रीनला रेझिस्टिव्ह म्हणतात आणि बोटवाल्याच्या स्क्रीनला कपॅसिटिव्ह, त्याहून खोलात शिरत नाही. वापरताना कळतं ते एवढंच की काठीवाल्याला दाब कळतो आणि बोटवाल्याला बोट. काठीवाल्याची वरची फिल्म वाकून खालच्या थराला टेकली की काम झालं, मग ती काठीने वाकवा, नखाने, पेनच्या टोपणाने किंवा हातमोजा घालून. बोटवाल्याच्या काचेला यातलं काही चालत नाही, कातडीच लागते.

आज वाटतं की तेव्हाही सगळं जग बोटवाल्याच्याच मागे असेल, तर तसं अजिबात नव्हतं. जानेवारी २००७ मध्ये आयफोन दाखवताना स्टीव्ह जॉब्सने भर स्टेजवर स्टायलसची टर उडवली खरी, पण २००८ मध्ये एचटीसीचा टच डायमंड काठीसकटच आला आणि त्याच ऑक्टोबरात नोकियाने जाहीर केलेला ५८०० सुद्धा रेझिस्टिव्हच, त्याच्या डब्यात तर स्टायलस होतीच शिवाय गिटार वाजवायच्या पिकसारखा एक त्रिकोणी तुकडा पण दिलेला. (माझा काठीवाला या दोन्हींपैकी नव्हता.) आणि घेणारे काही येडे नव्हते. ५८०० च्या ३.२ इंची स्क्रीनवर ६४० बाय ३६० पिक्सेल, आणि त्याच वर्षीच्या आयफोन ३जी च्या ३.५ इंचावर ४८० बाय ३२०, म्हणजे अक्षरं कुणाची कोरीव दिसत असतील ते तुम्हीच बघा. आयफोनवर साधं कॉपी-पेस्ट यायला जून २००९ उजाडलं, कॅमेऱ्यातून व्हिडिओ काढायचा तर ३जीएस हे पुढचं मॉडेल येईपर्यंत थांबा, ब्लूटूथवरून मित्राला फोटो पाठवणं नाहीच, बॅटरी काढता येत नाही, मेमरी कार्ड नाही. कागदावर मांडलं तर काठीवाला जिंकतोच. मी कागदावर मांडूनच घेतला होता.

आता मूळ दुखणं सांगतो. स्क्रोल.

माझ्या काठीवाल्यात आयकॉनच्या मेनूत एका टचला ॲप उघडायचं, पण यादीत मात्र पहिल्या टचला ओळ नुसती निवडली जायची आणि दुसऱ्या टचला उघडायची. असं का ते मला आजतागायत कळलेलं नाही, बहुधा बटणांच्या फोनचं सॉफ्टवेअर तसंच ठेवून वर टच चिकटवला असावा. यादी खाली सरकवायची तर बोटाने ओढून नाही, उजव्या कडेला दोऱ्याएवढी बारीक पट्टी असायची ती काठीने पकडायची. काठी काढायची तर फोनच्या मागच्या कोपऱ्यात नख घालून ओढा, काम करा, परत खुपसा. बसल्याजागी ठीक आहे हो. एका हातात पिशवी आणि चालत्या गाडीत उभं असताना कोण काठी काढतंय, त्यामुळे अंगठ्याच्या नखाने ओढायला जायचो. ओढताना दाब जरा कमी पडला की फोनला वाटायचं बोट उचललं आणि परत टेकवलं, म्हणजे झाले दोन टच, म्हणजे ओळ उघडली. कॉन्टॅक्टच्या यादीत ओळ उघडणं म्हणजे थेट कॉल, तशी सेटिंग मीच करून ठेवली होती, तो दोष माझा.

एकदा रात्री पावणेबाराला असाच एक नंबर शोधत होतो आणि फोन लागला जुन्या ऑफिसातल्या साहेबांना, ज्यांच्याशी सोडताना फार गोडीने बोलणं झालं नव्हतं. कट करायला स्क्रीनवर लाल बटण होतं, ते नखाने दोनदा दाबलं, घाबरल्यामुळे बहुतेक कडेला लागलं, तिसऱ्यांदा दाबेपर्यंत पलीकडून झोपेतला "हॅलो". मी तसाच ठेवून दिला. मग त्यांचा उलटा फोन आला आणि मी "सर, चुकून लागला" असं म्हणालो तर ते म्हणाले, "इतक्या रात्री चुकून?" यावर काय बोलणार. त्या आठवड्यातच मी बोटवाला बघायला लागलो.

कुणी म्हणेल एका फजितीवरून फोन बदलला. फजिती एकच, पण सरकवायचं काम दिवसातून शंभरदा असतं ना राव. मेसेज वाचताना, गाण्यांच्या यादीत, वेब पानावर, सगळीकडे तेच. बोटवाला पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मी काय केलं असेल तर कॉन्टॅक्टची यादी नुसती वरखाली भिरकावत बसलो, ती आपोआप हळू होत थांबायची आणि टोकाला गेली की रबरासारखी जरा ताणून परत यायची, आणि पूर्ण वेळ एकही कॉल लागला नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी मेमरी कार्ड सोडलं असं म्हटलं तरी चालेल.

बाकी दोन बोटांनी फोटो मोठा करणं काठीवाल्यात जमत नाही, तिथे एका वेळी एकच जागा कळते. उन्हात काठीवाला फिका दिसायचा, माझा तरी, वर जास्तीचे थर असतात त्याचा परिणाम असणार. टायपिंगमध्ये मात्र मी कुणालाच पूर्ण मार्क देणार नाही. काठीने एकेक अक्षर टिपत जाणं हळू पण अचूक, बोटाने भराभर पण चुका फार, आणि फोन आपल्या मनाने शब्द बदलतो ते वेगळं.

बोटवाल्याचा त्रास नव्हता का, तर होता. घाम आला की स्क्रीन बोटाच्या पुढेमागे धावायची. थंडीत हातमोजे काढावे लागायचे. आणि बॅटरी. दीड वर्षाने ती दुपारीच मान टाकायला लागली आणि काठीवाल्यासारखं मागचं झाकण उघडून नवी घालायची सोयच नाही, दुरुस्तीला टाका आणि दोन दिवस फोनशिवाय बसा. तेव्हा मात्र काठीवाल्याची फार आठवण आली होती, खोटं कशाला बोलू.

त्यात माझे बाबा. त्यांना मी काठीवाला दिला तो त्यांनी पुढे चार वर्षं वापरला आणि त्यांचं मत माझ्या बरोबर उलट. त्यांची बोटं जाड आणि कोरडी, बोटवाला त्यांचं ऐकायचाच नाही, एकदा दाबलं की काही नाही आणि जोरात दाबलं की तीन भलत्याच गोष्टी उघडणार. काठी त्यांना पेनासारखी वाटायची. टेबलाशी बसून, चष्मा लावून, एकेक आकडा टिपून फोन लावायचे, चालत्या गाडीत ते फोनला हातच लावत नसत. म्हणजे तुम्ही फोन बसून वापरणार असाल तर मी वर लिहिलेलं निम्मं दुखणं तुम्हाला होणारच नाही कदाचित.

आज घेताना एक गोष्ट दोन्हींना लागू आहे. इंटरनेट विसरा, इतक्या जुन्या ब्राउझरला आजच्या साइटींचं सुरक्षेचं गणित कळत नाही, बहुतेक पानं उघडतच नाहीत. नेटवर्कचंही बघून घ्या, बऱ्याच देशांत ३जी बंद झालंय आणि या फोनांना ४जी माहीत नाही. म्हणजे उरतं काय तर गाणी, फोटो आणि हातात धरायची मजा. मग मजाच हवी असेल तर मी आपला बोटवाल्याकडे झुकेन, पण नवी बॅटरी सहज मिळून फोन चालू राहणं तुम्हाला जास्त महत्त्वाचं असेल तर काठीवाला घ्या, मी अडवणार नाही.

काठीवाला घेतलाच तर विकणाऱ्यासमोर चित्र काढायचं किंवा हाताने लिहायचं ॲप उघडा आणि काठीने एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सावकाश तिरपी रेघ ओढा, मग दुसरी उलट दिशेने. रेघ जिथे तुटेल किंवा थरथरेल तिथे फिल्म गेली समजा, कॅलिब्रेशन (म्हणजे टचची जागा नव्याने जुळवणं) करून ती परत येत नाही. बोटवाल्यात एखादा आयकॉन धरून पूर्ण स्क्रीनभर फिरवा, मध्येच हातातून सुटला तर तो पट्टा मेलेला आहे. मागच्या महिन्यात माळ्यावरून माझा काठीवाला काढून हीच रेघ ओढली, तर अगदी खाली उजवीकडे, जिथे ते लाल बटण यायचं, तिथे बोटभर जागा कोरी राहिली.