भाडं दर महिन्याला भरलं, तरी थकबाकीदार मीच

पुण्यात दोघं-तिघं मिळून फ्लॅट घेणाऱ्यांसाठी लिहितोय. आधी वाचलं असतं तर माझे 40 हजार वाचले असते.

वाकडला आम्ही तिघांनी 2 बीएचके घेतला, भाडं 27 हजार म्हणजे माणशी 9, डिपॉझिट तीन महिन्यांचं 81 हजार, तेही तिघांत सारखं. मी आणि माझा कॉलेजचा मित्र आधीपासून एकत्र, तिसरा ब्रोकरने जोडून दिलेला. आणि खरं सांगतो, घरात सगळ्यात शिस्तीचा तोच होता, लाइट बिल आलं की त्याच दिवशी भरणार, स्वयंपाकाच्या मावशींचे पैसे 1 तारखेला काढून ठेवणार. मालक लातूरला, रिटायर्ड मास्तर. ते पहिल्याच दिवशी म्हणाले की तिघांचे तीन हिशोब माझ्यामागे नका लावू, एकाने एकत्र पाठवत जा. साहजिकच ते काम शिस्तीच्या माणसाकडे गेलं.

जून ते डिसेंबर मी एकही महिना चुकवला नाही. दोन-तीन तारखेला त्याला 9 हजार जीपे, मग तो ग्रुपवर मालकांना 27 हजार गेल्याचा स्क्रीनशॉट टाकणार, आम्ही थम्सअप देणार, विषय संपला.

जानेवारीत ऑफिसने एचआरएसाठी (पगारातल्या घरभाडे भत्त्यावरच्या करसवलतीसाठी) भाडेपावत्या मागितल्या (एज्युकेशन लोनच्या व्याजामुळे मी अजून जुन्या टॅक्स रेजीममध्येच आहे), म्हणून इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी स्वतः मालक काकांना फोन केला. म्हटलं काका, पावत्यांवर सह्या लागतील. ते जरा वेळ काही बोललेच नाहीत आणि मग म्हणाले, "सप्टेंबरपासून एक रुपया दिला नाहीत तुम्ही लोकांनी, आणि पावती कसली मागता?"

आमचा तो तिसरा त्यांना सांगत होता की पोरांचे पगार अडकलेत, जरा सांभाळून घ्या! आणि डिपॉझिट हातात असल्यामुळे काका सांभाळून घेत होते. म्हणजे चार महिने त्यांच्या लेखी आम्ही दोघं बुडवे आणि तो बिचारा आमच्यासाठी रदबदली करणारा. त्या रात्री ग्रुपवरचे चारही स्क्रीनशॉट मोठे करून बघितले. तारखा वेगळ्या, पण खालचा 12 आकडी यूटीआर नंबर (प्रत्येक व्यवहाराचा वेगळा असतो तो) चारहीवर तोच, ऑगस्टच्या खऱ्या पेमेंटचा. इतकी साधी गोष्ट, एकदा बोटाने झूम केलं असतं तर सप्टेंबरमध्येच कळलं असतं. तो तेव्हा "गावी" गेलेला, फोन बंद, कपाट रिकामं.

माझा पहिला पवित्रा असा की बँक स्टेटमेंट दाखवतो, आमच्या वाट्याचं आम्ही दिलंय, बाकी त्याच्याकडून घ्या. काकांचा मुलगा म्हणाला, "बाबांनी फ्लॅट एक दिलाय, तीन खोल्या नाही. आणि पैसे तुम्ही त्याला दिलेत, आम्हाला नाही." राग आला, पण उत्तर सुचलं नाही.

ॲग्रीमेंट घेऊन ओळखीच्या वकील मॅडमकडे गेलो. त्यांनी एका ओळीवर पेन ठेवलं, तिघे लायसेन्सी (म्हणजे आम्ही भाड्याने राहणारे) "जॉइंटली अँड सेव्हरली", एकत्रही आणि एकेकटेही, जबाबदार. म्हणजे मालक अख्खे 1 लाख 8 हजार माझ्या एकट्याकडूनही मागू शकतात. मी विचारलं, हे शब्द नसते तर? तर म्हणे 1872 च्या काँट्रॅक्ट ॲक्टचं कलम 43 आहेच, वेगळं काही ठरलं नसेल तर अनेकांनी मिळून दिलेलं वचन कुणाही एकाकडून पूर्ण करून घेता येतं. भरणाऱ्याने मग बाकीच्यांकडून त्यांचा त्यांचा वाटा मागायचा, आणि त्यातला एखादा देतच नसेल तर त्याचा खड्डा उरलेल्यांनी सारखा भरायचा. इंग्रजांनीच आमची सोय करून ठेवलेली म्हणायची. ॲग्रीमेंट मी आधी वाचलं होतं का? एजंट घरी मशीन घेऊन आला, आधार, अंगठा, फोटो, नंतर पीडीएफ आली, त्यात मी फक्त माझ्या नावाचं स्पेलिंग तपासलं.

शेवटी डिपॉझिटचे 81 हजार थकलेल्या भाड्यात वळते झाले, वरचे 27 आम्ही दोघांनी साडेतेरा-साडेतेरा भरले आणि फ्लॅट सोडला. माझं नुकसान 40,500, मित्राचं तेवढंच. चौकीत अर्ज दिला तर ऐकायला मिळालं की हे तुमचं आपसातलं, सिव्हिल मॅटर. मॅडमच्या मते भाड्यासाठी दिलेले पैसे खाऊन वर खोटे स्क्रीनशॉट टाकणं हे नुसतं सिव्हिल नाही, म्हणून अर्जाची पोच जपून ठेवलीय. वसुलीचा दावा लावायला तीन वर्षं असतात, पण दोघांच्या मिळून 81 हजारांसाठी कोर्टाच्या किती तारखा मारायच्या हाही प्रश्न आहेच.

आता नवीन जागी मालकांना पहिल्याच दिवशी सांगितलं, तीन ट्रान्सफर येतील, थेट तुमच्या खात्यात, कटकट वाटली तरी. ग्रुपमध्ये मालकही आहेत, "मिळाले" असं तेच टाकतात. "प्रत्येक जण आपापल्या वाट्यापुरताच जबाबदार" असं ॲग्रीमेंटमध्ये घाला म्हटलं तर त्यांनी साफ नाही सांगितलं, त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. आणि मधेच कोणी सोडून गेला तर नवीन ॲग्रीमेंट करून घ्या रे, नुसता माणूस बदलून चालत नाही, कागदावर नाव नसलेल्याचं भाडंही तुमच्याच गळ्यात पडणार.

ॲग्रीमेंटमध्ये त्याचा गावचा पत्ता होता, तिथे नोटीस पाठवली. फोन आला त्याच्या वडिलांचा, शेतकरी माणूस, म्हणाले तो आमच्याशीही बोलत नाही, मी महिन्याला दोन हजार पाठवत जातो. कायद्याने ते काही देणं लागत नाहीत, पोरगा सज्ञान आहे. दोनदा पाठवलेत. ते घ्यायचे की परत करायचे यावरून माझं आणि मित्राचं अजून वाजतंय.